उलटा धरलेला नकाशा

एकदा एक व्यापारी मुलाचे वऱ्हाड घेऊन डोंगरापलीकडच्या गावी निघाला. लग्न लावण्यासाठी एक वृद्ध गुरुजी आणि त्यांचा तरुण शिष्य बरोबर होते. वधूपित्याने वाटेचा नकाशा धाडला होता. तो वाचण्याचा मान शिष्याला मिळाला, आणि स्वारी ऐटीत सर्वांच्या पुढे चालू लागली.

खिंडीत वाटेला दोन फाटे फुटले. नकाशात गावाची वाट उजव्या अंगाला काढलेली होती. “उजवीकडे चला!” शिष्याने हुकूम सोडला. थोडे पुढे जातात तो वाटच संपली. समोर करवंदीच्या जाळ्या आणि खाली दरी. सगळे निमूट खिंडीत परतले.

“गोरज मुहूर्त आहे हो, गुरुजी,” व्यापारी कासावीस झाला. “टळला तर व्याह्यांना काय तोंड दाखवू?”

शिष्याचे कान लाल झाले. “नकाशाच चुकलाय,” तो पुटपुटला.

गुरुजींनी नकाशा घेतला, खडकावर पसरला आणि चक्क उलटा फिरवला. नावे डोक्यावर उभी राहिली. करवल्या फिदीफिदी हसू लागल्या.

“गुरुजी, असं वाचणार कसं?” शिष्याने विचारले.

“वाचून झालं, बाळ. आता चालायचंय. आपण आत्ता आहोत तिथे बोट ठेव.”

शिष्याने खिंडीवर बोट ठेवले.

“आता समोर बघ.”

कागदावरचे तळे बोटाच्या डाव्या हाताला होते. खाली खोऱ्यातही तळे डावीकडेच चमकत होते. जोडशिखर उजवीकडे, कागदावरही आणि समोरही. आणि गावाची वाट...

“डावीकडे!” शिष्य आनंदाने ओरडलाच. “काका, डावीकडे!”

वऱ्हाड हसत, घसरत, एकमेकांना सावरत डोंगर उतरले. गुरे घरी परतत होती, धूळ सोन्यासारखी उडत होती. वेशीवर सनई सुरू झाली आणि अक्षता वेळेवर पडल्या.

पंगतीत गुरुजी म्हणाले, “नकाशा काढणाऱ्याने उत्तर दिशा वर धरली. आपण मात्र दक्षिणेला तोंड करून चाललो होतो. नकाशा खराच होता रे; पण आपण कुठे उभे आहोत, तोंड कुठे आहे, हे त्याला कसं कळावं? ते आपणच जुळवून घ्यायचं. ग्रंथांचंही असंच असतं.”

शिष्याने मान डोलावली आणि समाधानाने भाताचा घास घेतला.

थोरांचे वचन आपल्याला लागू पडत नाही असे वाटले, तर ते टाकून देण्याआधी एकदा आपल्या दिशेने फिरवून पाहावे.