विरोधी बाकांवरचे बत्तीस हात

आमच्या शाळेत नागरिकशास्त्राच्या तासाला शिकवणं कमी आणि सूचना जास्त. नववीला सूचनावही वाचून दाखवता दाखवता मी थकून गेले होते. त्यात मुख्याध्यापक घोरपडे सरांनी नवी सूचना काढली. शिक्षण विभागाचे विस्तार अधिकारी तपासणीला येतील त्या दिवशी मुलांनी अभिरूप संसद भरवावी आणि शाळा सुटल्यावर रोज एक जादा तास घेण्याचा ठराव मंजूर करावा.

जादा तास म्हणजे लांबच्या वस्त्यांवरच्या मुलांची सव्वापाचची एसटी रोज चुकणार. मी तसं सांगून पाहिलं.

"बाई, ठराव मुलांचाच आहे," सर म्हणाले.

सत्ताधारी म्हणून सरांनी आठ हुशार मुलं निवडली आणि त्यांना भाषणं लिहून दिली. उरलेली बत्तीस मुलं विरोधी बाकांवर बसवली. त्यांना सूचना एकच होती, तोंड उघडायचं नाही.

त्या दिवशी आठही भाषणं झाली. सभापती झालेल्या दहावीच्या मुलाने विचारलं, "ठरावाच्या बाजूने?" आठ हात वर झाले.

"विरोधात?"

शेवटच्या बाकावरच्या शबनम मुलाणीने हात वर केला. मागोमाग एकतीस हात वर गेले.

घोरपडे सर लालबुंद झाले. "बोलायचं नाही म्हणून बजावलं होतं ना?"

"सर, बोलले ते आठ जण," हात खाली न घेता शबनम म्हणाली. "आम्ही तर गप्पच बसलोय."

विस्तार अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं आणि फाइल मिटली.

"ठराव फेटाळला. चला, मलाही तीच एसटी गाठायचीय."