दोर सोडलेले मैदान

एकदा एका वाढत्या प्रांतात फुटबॉलचा एक सामना झाला. तो मी पाहिलेला नाही. ज्या दोघांकडून मी तो ऐकला, ते मैदानाच्या दोन वेगवेगळ्या अंगांना बसले होते. म्हणून त्यांचे म्हणणे जेथे जुळते तेवढे सांगते, आणि जुळत नाही तेथे तसे नमूद करते.

त्या प्रांतात कारखाने आले होते, रुंद रस्ते झाले होते, विमानतळ होऊ घातला होता. फुटबॉल मात्र या सगळ्याच्या आधीपासून होता, आणि तो कुस्तीबरोबर फुटबॉलही खेळणाऱ्या तालमींचा होता. उगवतीच्या तालमीची जर्सी तांबडी, मावळतीची निळी. कधीकाळी या दोन तालमींच्या अंतिम सामन्यानंतर दगडफेक होऊन डोकी फुटली. तेव्हापासून प्रेक्षकांच्या मधोमध एक जाड दोर बांधण्याची प्रथा पडली. अलीकडे उगवतीवाले, पलीकडे मावळतीवाले. आपण दोराच्या कोणत्या अंगाचे, हे तिथल्या पोराला अक्षरओळखीच्या आधी कळत असे.

एका व्यापाऱ्याने मनावर घेतले की या प्रांताचा स्वतःचा व्यावसायिक संघ असावा. पैसा तो उभा करणार होता. मान्यता फुटबॉल महासंघाची हवी होती. महासंघाने अट घातली: दोन्ही तालमींतून निवडलेल्या एकत्र संघाने बाहेरच्या एका नामांकित संघाशी खेळावे. निरीक्षक सामना पाहील, मैदान समितीच्या अध्यक्षांचे मत विचारील आणि अहवाल देईल. अध्यक्ष होते एक वृद्ध वस्ताद. त्यांनी दोन्ही तालमींना खेळ शिकवला होता, त्यामुळे दोन्ही तालमी त्यांना आपले मानत आणि दोन्ही तालमींना त्यांचा थोडा संशयही असे.

एकत्र संघ घडवला वस्तादांच्याच एका शिष्याने. त्याची स्वतःची उमेदीची वर्षे परप्रांतांच्या जर्सी घालून खेळण्यात सरली होती. आता त्याच्या हाताखालच्या मुलांनाही बाहेरून बोलावणी येत होती. "हा सामना होईपर्यंत थांबा," असा शब्द त्याने त्यांच्याकडून घेतला होता. मान्यता मिळाली नाही तर मुले जाणार, आणि त्यांना अडवण्याचा अधिकार त्याला उरणार नाही, हे तो जाणून होता.

सामन्याच्या दिवशी स्वयंसेवक दोर बांधू लागले, तेव्हा वस्ताद म्हणाले, "आज दोर नको."

शिष्याला ती थट्टा वाटली. "वस्ताद, निरीक्षक वर येऊन बसलेत."

"म्हणूनच नको."

व्यापारी धापा टाकत पायऱ्या उतरून आला. "अहो, उद्या हवा तर कायमचा काढा! आजच्यापुरता तेवढा बांधा. एक दगड पडला की सगळं संपलं."

"संघ तुमचा असेल, शेठ. दोर समितीचा आहे."

दोर गुंडाळून नेण्यात आला. शिष्य वस्तादांकडे पाठ करून मुलांकडे गेला.

लोक आले आणि सवयीप्रमाणे दोन अंगांना बसले. दोराच्या जागी त्यांनी एक रिकामी पट्टी सोडली होती, जणू दोर अजून तेथेच होता. गर्दी वाढली तशी ती पट्टी भरत गेली, आणि उगवती कुठे संपते, मावळती कुठे सुरू होते, हे दिसेनासे झाले.

तांबड्या-निळ्याचा मेळ म्हणून व्यापाऱ्याने नव्या संघाला जांभळी जर्सी दिली होती. नऊ क्रमांकाची जर्सी उगवतीच्या इंद्रजितकडे होती. पूर्वार्धात पंचांशी हुज्जत घालून त्याने एक पिवळे कार्ड ओढवून घेतले. उत्तरार्धात त्यानेच गोल केला. मैदान उसळले. तो गर्दीच्या मध्यभागाकडे धावत गेला, अंगातली जांभळी जर्सी काढली आणि प्रेक्षकांत भिरकावली. आत तांबडी होती.

जर्सी काढणे नियमबाह्य असते. पंचांनी दुसरे पिवळे कार्ड दाखवले आणि पाठोपाठ लाल. इंद्रजित बाहेर आला तेव्हा शिष्याने दात आवळून विचारले, "आतून कशाला घातलीस?"

"तिच्याबिगर पळता येत न्हाई, सर," तो म्हणाला. तो खोटे बोलत नव्हता, हीच अडचण होती.

दहा जण उरले. मावळतीच्या अंगाने आरोळी आली, "जा रं इंद्या, जा तालमीत अन् खेळ एकटाच!" उगवतीकडून शिव्या गेल्या. व्यापाऱ्याने डोळ्यांवर हात धरले. वस्ताद खुर्चीत ताठ बसून होते.

सामना संपत आला असताना पाहुण्या संघाने बरोबरी साधली, आणि मावळतीच्या अंगाने टाळ्या पडल्या. आपल्याच प्रांतावर झालेल्या गोलाला टाळ्या! उगवतीची माणसे उठली. दोर नव्हता. एक आडदांड गडी टाळ्या वाजवणाऱ्या माणसासमोर जाऊन उभा राहिला. त्याच्या मुठीत दगड होता, यावर माझे दोन्ही साक्षीदार ठाम आहेत.

"टाळ्या कुनाला वाजवाय लागलायस रं?" तो ओरडला. "गोल कुनावर झाला बघितलास काय? गोलकीपर तुझ्याच तालमीचा हाय की!"

त्या माणसाने गोलकडे पाहिले. मावळतीचा गोलकीपर जाळीत बसून होता, तोंड हातमोज्यांत लपवून. टाळीसाठी उचललेले हात तसेच राहिले. आसपास कोणी हसले. मग तो माणूस ओशाळून म्हणाला, "मग तू तरी त्याच्यापायी कशाला भांडतोस? तुझ्या तालमीचा हाय व्हय त्यो?"

गड्याने दगड खाली टाकला. "आज माझा बी हाय," असे तो म्हणाला, असे उगवतीचा साक्षीदार सांगतो. मावळतीच्या साक्षीदाराने हे वाक्य ऐकलेले नाही.

सामना बरोबरीत सुटला. निरीक्षक खाली आला. "या प्रांताची व्यावसायिक संघाची पात्रता आहे, असे आपण म्हणाल?"

"संघाची भूक आहे," वस्ताद म्हणाले. "पात्रतेचे म्हणाल, तर आज जे आहे ते सर्व आपण पाहिलेत. त्याहून चांगले मला सांगता येणार नाही, आणि वाईटही."

निरीक्षक गेल्यावर शिष्याचा बांध फुटला. "वस्ताद, तुम्ही माझ्या पोरांचा घात केलात. दोर असता तर निभावलं असतं."

"निभावले असते," वस्ताद म्हणाले. "निरीक्षकांना शिस्त दिसली असती, आणि ती दोराची असती. तेवढ्यावर संघ मिळाला असता, आणि पहिल्याच पराभवाला याच लोकांनी त्याचे दोन तुकडे केले असते. इतकी वर्षे हे लोक एकमेकांना ऐकू येतात, पण काय ऐकू येते? दोरापलीकडे शिवी पोहोचते, बाळ. प्रश्न पोहोचत नाही. त्यासाठी समोर जाऊन उभे राहावे लागते."

"आणि त्यानं तो दगड मारला असता तर?"

वस्ताद काठी टेकत उठले. "तर दोष माझा असता. दोर सोडला तेव्हाही तो माझाच होता."

शिष्य मुलांच्या जर्सी गोळा करायला गेला. नऊ क्रमांकाची सापडली नाही. इंद्रजितने ती भिरकावली, ती नेमकी जेथे एरवी दोर असतो तेथे पडली होती, आणि तेथून कोणीतरी उचलून नेली होती. उगवतीवाले म्हणतात, मावळतीच्या कोणीतरी जाळायला नेली. मावळतीवाले म्हणतात, उगवतीच्या कोणीतरी मिरवायला नेली. व्यापाऱ्याने लगेच दुसरी शिवून देऊ केली. शिष्य म्हणाला, "राहू द्या, शेठ. थोडं थांबू या."

महासंघाचा निर्णय अजून यायचा आहे. मुले अद्याप गेलेली नाहीत. सरावाला इंद्रजित साध्या बनियनवर येतो. नऊ क्रमांकाची ती जांभळी जर्सी कोणीही जाळताना पाहिलेली नाही, आणि कोणी घातलेलीही पाहिलेली नाही.