सोनकड्याहून परत आलेली माणसं

नदीकाठच्या एका लहानशा गावात भिकोबा नावाचा तांबट राहत होता. तांब्याचे हंडे, घागरी, बंब घडवायचे आणि विकायचे, हा त्याचा धंदा. हात कसबी होता, पण गावात त्याचं नाव झालं होतं ते त्याच्या संशयापायी. दुधाचा थेंब नखावर धरून बघितल्याशिवाय तो दूध घेत नसे. वाण्याकडची तूर मुठीत घेऊन उन्हात जाई आणि एकेक दाणा उलटसुलट करी. वाटेत कुणी "काय भिकोबा, बरं हाय ना?" असं विचारलं, तरी हा मनात म्हणे, याला माझ्याकडून काय हवंय? "भिकोबाला फसवणारा अजून जन्माला यायचाय," असं लोक म्हणत. निम्मे कौतुकानं म्हणत, निम्मे वैतागून. भिकोबा सगळंच कौतुक समजून घेई.

त्या सुमारास गावाला एक नवं वेड लागलं होतं, सोनकड्याला जायचं. दूर डोंगरात म्हणे एक उंच कडा होता. सकाळी त्याच्या टोकाला उभं राहिलं की खालची सगळी दरी सोन्याची होई. तिथे देव नाही, नवस नाही, बाजार नाही, कुणी सोयरा नाही. नुसतं बघायचं आणि परत यायचं. आधी पाटील जाऊन आले. मग वाणी गेला. मग शिंपी बायकोपोरांसकट गेला आणि वर्षभराची शिलाई तिकडे घालवून आला.

काशीहून आल्यावर लोक मावंदं घालतात, तशी सोनकड्याहून आल्यावरही गावाला जेवण घालायची रीत पडली. जेवण झालं की यजमानानं पान लावत बसायचं आणि काय पाहिलं ते सांगायचं. पाटलांनी सांगितलं, "ऊन दरीत असं उतरतं, जशी सारवलेल्या अंगणात हळद सांडावी." वाण्यानंही हळदच सांगितली. शिंप्यानंही. पुरणपोळी खाल्लेल्या तोंडानं कुणी उलटा प्रश्न विचारत नाही. त्यामुळे दर पंगतीनंतर आणखी एखादं घर गाठोडं बांधायला घेई.

भिकोबा या पंगतींत जेवला होता. सोनकड्याबद्दल त्याला काडीचा संशय आला नाही. त्याला संशय आला तो वेगळाच. हळदीचं सांगताना पाटील माझ्याकडेच का बघत होते? तांबटाची ऐपत नाही, असं तर त्यांना सुचवायचं नव्हतं? या विचारानं त्याची झोप उडाली. शेवटी त्यानं बायकोच्या, सगुणाच्या हातातल्या सोन्याच्या पाटल्या विकल्या आणि गाडी ठरवली.

सगुणा म्हणाली, "पाटल्या माझ्या आईनं घातल्या हुत्या."

"सोनं बघायलाच तर चाललोय," भिकोबा म्हणाला.

निघायच्या दिवशी त्याची धाकटी बहीण आनसा निरोप द्यायला आली. आनसा विधवा होती. मागच्या गल्लीत एका खोपटात लेकीला घेऊन राहत होती. एक दुभती म्हैस होती, तिचं दूध घरोघरी घालून दोघींचं पोट चालत होतं. लग्न होऊन पलीकडच्या गावी गेली आणि कपाळ पांढरं करून परत आली, एवढाच तिनं जन्मात प्रवास केला होता. सोनकड्याचं वर्णन ऐकताना तिचे डोळे लहान पोरीसारखे मोठे होत.

"दादा, नीट बघून ये," ती म्हणाली. "बाकीच्यांचं मी धरत न्हाई. पर तू खरं म्हणालास तर म्हैस विकीन आन् एकदा जाऊन येईन. तुला कुणी फसवू शकत न्हाई."

"म्हैस इकून खाशील काय मागनं?"

"बघू की. एकदा तरी काहीतरी बघितलं असं हुईल."

गाडी निघाली आणि भिकोबाचं काम सुरू झालं. भाडं वाढवायला गाडीवान लांबच्या वाटेनं नेतोय, असं वाटून तो प्रत्येक फाट्यावर उतरे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला वाट विचारी. रात्री पेटीची दोरी स्वतःच्या पायाला बांधून झोपे. मुक्कामाच्या ठिकाणी पाणी आलं की आधी सगुणाला प्यायला लावी आणि तिच्या तोंडाकडे बघत बसे. ती म्हणाली, "मी मेले तर तुम्ही पिऊ नका." भिकोबाला त्यातही काही खोच आहे की काय, असं वाटलं.

सोनकड्याच्या पायथ्याशी एक खाणावळ होती. राहायला खोल्या होत्या. मालक गोरागोमटा, हसतमुख आणि बोलायला लोण्यासारखा. भिकोबानं त्याच्या उशा चाचपल्या, तांब्या वाजवून बघितला, दाराची कडी ओढून बघितली. सगळं ठाकठीक निघालं, त्यामुळे संशय आणखी वाढला.

सकाळी दोघं कड्यावर गेली. समोर धुकं होतं. पांढरं, दाट, हलतही नव्हतं. दरी कुठे, आभाळ कुठे, काही कळेना. भिकोबा डोळे ताणून बघत राहिला. शेजारी परगावचा कुणी सावकार उभा होता. तो धुक्याकडे बघून एकदम म्हणाला, "वाहवा! काय देखावा आहे!"

भिकोबा चपापला. त्यानं डोळे चोळले. याला दिसतंय आणि मला का दिसत नाही? मोतीबिंदू तर नाही? सगुणा मोठ्यानं म्हणाली, "अहो, मला तर माझा हातबी दिसंना."

"हळू बोल," भिकोबा कुजबुजला. "लोक ऐकतील."

मालक म्हणाला, "उद्या नक्की दिसेल." दुसऱ्या दिवशीही धुकंच होतं. तो पुन्हा म्हणाला, उद्या. भिकोबा थांबला, मुक्काम वाढला, भाडं वाढलं, पाटल्यांचे पैसे संपत आले. इतके दिवस घातले आणि न बघता परत गेलो तर सगळंच वाया, असं म्हणत तो आणखी एक दिवस थांबे, म्हणजे आणखी थोडं वाया घालवी.

शेवटच्या रात्री मालक वाढता वाढता म्हणाला, "नशिबात असेल त्यालाच दिसतं हो. पण दिसतं तेव्हा काय सांगू! ऊन दरीत असं उतरतं, जशी सारवलेल्या अंगणात हळद सांडावी."

भिकोबाचा घास हातातच राहिला. हे वाक्य त्यानं पाटलांच्या ओसरीवर ऐकलं होतं. मग वाण्याच्या, मग शिंप्याच्या. म्हणजे त्या तिघांनीही इथे बसून धुकंच बघितलं होतं की काय?

आयुष्यभर नको तिथे संशय घेणाऱ्या या माणसाला जन्मात एकदाच खरा संशय आला, आणि तोच त्यानं गिळून टाकला. कारण तो खरा धरला तर पाटल्या गेल्या त्या गेल्याच, आणि वर भिकोबाला फसवणारा जन्माला आलेला होता हेही मान्य करावं लागलं असतं. त्यानं आमटी भुरकली आणि म्हणाला, "भात वाढा."

गावी आल्यावर मावंदं घालणं भाग होतं. न घालावं तर लोकांना संशय येणार. त्यानं दुकानातला सगळ्यात मोठा हंडा विकून डाळ, गूळ आणला. पंगत बसली. पहिल्या ओळीत पाटील, वाणी आणि शिंपी होते. तिघंही खाली मान घालून जेवत होते आणि मधून मधून भिकोबाकडे चोरून बघत होते. भिकोबा त्यांच्याकडे चोरून बघत होता. एकमेकांवर असा पहारा ठेवून माणसं पुरणपोळी खाताना मी तरी कधी ऐकलेली नाहीत.

पान लावून झालं. सगळे पुढे सरकून बसले. भिकोबानं घसा खाकरला. खरं सांगावं असं त्याला क्षणभर वाटलंही. पण समोर सगळा गाव बसला होता.

"ऊन दरीत असं उतरतं," तो म्हणाला, "जशी सारवलेल्या अंगणात हळद सांडावी."

पाटलांनी सुस्कारा सोडला. वाण्यानं आणखी एक पान मागून घेतलं. बायकांच्या बाजूला आनसानं पदरानं डोळे पुसले आणि ती म्हणाली, "ठरलं माझं. येत्या बाजाराला म्हैस काढते."

भिकोबानं तिच्याकडे न बघता पानाचं तबक पुढे सरकवलं.

पंगत उठल्यावर सगुणा खरकटं काढत होती. ती म्हणाली, "सख्खी बहीण हाय तुमची. खायचं काय तिनं? धुकं?"

"सांगतो उद्या. आडून सांगतो."

दुसऱ्या दिवशी तो आनसाकडे गेला. म्हणाला, रस्ता फार वाईट आहे, पाणी बाधतं, म्हातारपणी जावं हे बरं. आनसा शेण थापता थापता ऐकत होती. ऐकता ऐकता तिचा चेहरा बदलला.

"दादा, काल तर हळद सांडली म्हणत हुतास. आज पाणी बाधाया लागलं व्हय?"

"तसं न्हाई गं."

"मग कसं? तू बघितलंस आन् मी बघू नये, हेच ना? माझ्या म्हशीवर डोळा हाय का तुझा?"

जन्मभर ज्यानं दुसऱ्यांवर संशय घेतला, त्याच्यावर पहिल्यांदाच कुणी संशय घेतला होता. भिकोबाला राग आला. "जा मग मसणात," असं म्हणून तो निघून आला. आल्यावर हातोडी घेऊन बसला, पण दिवसभरात एका भांड्यावरही नीट ठोका पडला नाही. खरं तर राग बहिणीचा नव्हता, स्वतःचाच होता, पण तो मान्य करायला माणसाला वेळ लागतो.

बाजाराच्या दिवशी म्हशीचा व्यापारी आनसाच्या दारात आला. लोक जमले. पाटीलही आले, गावात काहीही असलं की ते येतच. व्यापाऱ्यानं म्हशीच्या तोंडात हात घालून दात बघितले, कास चाचपली, सौदा झाला, पैसे आनसाच्या हातात पडले. आनसाची लेक म्हशीच्या गळ्यात पडून रडत होती आणि आनसा तिला सोडवत होती. व्यापाऱ्यानं दाव्याला हात घातला.

"थांबा!" मागून भिकोबा धावत आला. त्याला धाप लागली होती. "आनसे, म्हैस देऊ नको. मी खोटं बोललो. तिथं काय न्हाई. मला धुकं दिसलं, रोज निस्तं धुकं. मला पुरता लुबाडला आन् मी गप बसलो."

लोक पाटलांकडे बघू लागले. मग पाटील सावरून म्हणाले, "भिकोबा, तुझी नजर अधू झाली असंल. आम्ही डोळ्यांनी बघितलंय."

"असंल अधू," भिकोबा म्हणाला. "मग सांगा, त्या दरीत खाली काय हाय? नदी का गाव?"

"नदी," पाटील म्हणाले.

"गाव," त्याच दमात वाणी म्हणाला.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. शिंपी हळूच मागे सरकू लागला, पण त्याच्या बायकोनं त्याचा सदरा धरला. "सांगा की आता," ती म्हणाली. "पोरं थंडीनं खोकत हुती तिथं. आम्हीबी धुकंच बघून आलो." म्हशीचा व्यापारी पोट धरून हसायला लागला. त्याच्या हसण्यानं पाटलांची मान खाली गेली.

आनसानं व्यापाऱ्याचे पैसे त्याच्या हातावर ठेवले आणि दावं आपल्या हातात घेतलं. भिकोबाला वाटलं, आता ही माझ्या पाया पडेल, निदान बरं झालं म्हणेल. ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"दादा, त्यांनी मला फसवलं न्हाई," ती म्हणाली. "त्यांच्या बोलण्यावर मी कुठं इश्वास ठेवला हुता? मी तुझ्या एका बोलण्यावर म्हैस दारात काढली."

एवढं बोलून तिनं म्हैस गोठ्यात नेली. लेक डोळे पुसत मागोमाग गेली. लोक पांगले. भिकोबा तिथेच उभा होता. दोष द्यायला त्याला दुसरं कुणी दिसत नव्हतं.

तात्पर्य: हौसेपायी गाठीचं गेलं तर गेलं म्हणावं आणि मोकळेपणानं सांगून टाकावं, फजिती झाकायला केलेल्या खोट्या कौतुकाची किंमत नेमकं आपल्यावर विश्वास ठेवणारं माणूस भरत असतं.