करंजगडची सलामी

करंजगडचे राजे निपुत्रिक वारले. राणी सगुणाबाईंनी लांबच्या भाऊबंदांतला एक मुलगा दत्तक घेतला. मुलगा धारवाडकडचा, त्याला कानडीखेरीज दुसरी भाषा येत नव्हती. कंपनी सरकारच्या पेल्हम साहेबाला तेवढंच निमित्त हवं होतं.

विलायतेच्या महाराणींच्या वाढदिवशी बुरुजावर तोफा भरून तयार होत्या. भर दरबारात साहेब म्हणाला, "परमुलखातला, लांबच्या नात्यातला, रयतेची भाषा न येणारा माणूस गादीवर बसू शकत नाही. संस्थान खालसा."

पडद्याआडून राणीसाहेबांनी विचारलं, "हा नियम सगळ्याच गाद्यांना का, साहेब?"

"अर्थात!"

"मग कारभारी, बुरुजावर कळवा. आजची सलामी रद्द."

साहेब ताडकन उठला. "महाराणींची सलामी रद्द?"

"माझा नाइलाज आहे. तुमच्याच मडमसाहेब मला दुपारी तुमच्या देशाचा इतिहास वाचून दाखवतात. तुम्ही एकदा हॉलंडहून राजा आणलात. पुढे जवळचे वारस नकोसे झाले, तेव्हा जर्मनीहून लांबच्या नात्यातला आणलात. त्याला इंग्रजी धड येत नव्हतं. आजच्या महाराणी त्याच्याच वंशातल्या. तुमच्या नियमाने ती गादीही खालसा झाली. खालसा गादीला सलामी कशी द्यायची, तेवढं सांगा."

साहेबाने कपाळ पुसलं.

"तोफा उडवा."

"एका गादीसाठी, की दोन्हींसाठी?"

"दोन्हींसाठी," साहेब म्हणाला.

तोफा धडाडल्या. नवे राजे दचकून कानडीत काहीतरी बोलले. साहेबाने अदबीने मान डोलावली.