ठकूची शेळी दरबारात

"भिवा, तू माझ्या मेव्हण्याला लबाड म्हणालास?" धामणगिरीचे राजे गंभीरराव सिंहासनावरून असे ताडकन उठले, की मुकुट कानावर आला.

"लबाड नाही म्हणालो, महाराज," भिवा हात जोडून म्हणाला. "सर्जेराव सरकार शर्यतीत पहिले आले म्हणतात. पण वाटेत मला ओलांडून कुणी गेलंच नाही. एवढंच म्हणालो."

आता हा भिवा राजाचा जासूद. निरोप घेऊन गावोगाव पळायचं, त्यावरच त्याचं पोट. आणि सर्जेराव म्हणजे राणीसाहेबांचे लाडके बंधू. जिना चढताना दोनदा खाली बसणारा माणूस! तरी दसऱ्याच्या सकाळची शर्यत, म्हणजे वेशीपासून निघून डोंगरावरच्या देवळाला वळसा घालून परत, हा पठ्ठ्या सलग चौथ्या वर्षी जिंकला होता. पाणी कुठंतरी मुरतंय हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण राणीच्या भावाला बोलणार कोण? भिवा बोलला, आणि अडकला.

"तिसऱ्या प्रहरी दरबार भरेल, तेव्हा सिद्ध कर!" राजे गरजले. "शर्यत पुन्हा होणार नाही. वाड्याची झडती होणार नाही. आणि माझ्या मेव्हण्याविरुद्ध राज्यातल्या एकाही माणसाची साक्ष मी ऐकणार नाही! जमलं नाही, तर तुझ्या पायात बेडी. मग बघू कसा पळतोस!"

तेवढ्यात मागून आवाज आला.

"माणसाची साक्ष चालणार नाही, असंच ना महाराज?"

ती भिवाची बायको ठकू. वाड्याची परटीण.

"एकाही माणसाची नाही!"

"मग बरं झालं," ठकू म्हणाली आणि चालू लागली.

"अगं, बरं काय झालं?" भिवा घरी येऊन डोकं धरून बसला. "माझे पाय गेले म्हणजे मी काय करू?"

"तुम्ही दोन घास खाऊन घ्या," ठकू म्हणाली आणि शर्यतीचं गाठोडं सोडायला बसली.

धामणगिरीची रीत अशी, की शर्यत संपली की पळणाऱ्यांनी अंगावरचे कपडे तिथंच उतरवून परटिणीच्या गाठोड्यात टाकायचे आणि नवे कपडे घालून सोनं लुटायला जायचं. दसऱ्याला धुण्याचा घाट बंद, म्हणून गाठोडं दुसऱ्या दिवसापर्यंत तसंच पडून राहायचं. सर्जेरावांनीही कपडे भिरकावले होते. बड्या माणसांना आपला उतरलेला कपडा वळून बघायची सवय नसते! ठकूनं त्यातलं एक धोतर उजेडात धरलं आणि पोट धरून हसत सुटली.

तिसऱ्या प्रहरी ती दरबारात आली. एका हातात गाठोडं, दुसऱ्या हातात दावं, आणि दाव्याला शेळी.

"ए बाई! शेळी कुठं आणतेस?" भालदार ओरडला.

"साक्षीला. माणूस नाही ना ती!"

दरबारात खसखस पिकली. राजे शब्दात अडकले होते, करतात काय? "बरं," ते कुरकुरले. "बोलू दे तिला."

"ती बोलत नाही महाराज, चाटते. घाम वाळला की मीठ राहतं, आणि मीठ म्हणजे हिचा जीव की प्राण."

ठकूनं आधी भिवाची बंडी पसरली. शेळीनं पाठ चाटली, छाती चाटली. काखेत तर अशी रमली, की तिला ओढून काढावं लागलं. मग ठकूनं जरीच्या काठाचा अंगरखा पसरला.

"तो माझा नव्हेच!" सर्जेराव किंचाळले.

"कोपऱ्यातली बिब्ब्याची खूण बघा, महाराज. चंद्रकोर. ती एकट्या सरकारांच्या कपड्यांवर असते. चौदा वर्षं मीच घालतेय."

शेळीनं पाठ हुंगली, सोडून दिली. छाती हुंगली, सोडून दिली. काखेपाशी गेली तर तिला अत्तरानं शिंकच आली.

"मला घाम येतच नाही!" सर्जेराव छाती फुगवून म्हणाले. "आमचं रक्तच तसं आहे!"

"असं होय? मग हे बघा." ठकूनं चंद्रकोरीचंच धोतर अंथरलं. शेळी तडक मधोमध गेली. बरोबर बसायच्या जागी. आणि जी मिटक्या मारत चाटायला लागली, ती थांबेचना!

राजे खाली वाकले. "ही… तिथंच का चाटतेय?"

"मीही तेच विचारते, महाराज! सगळं अंग कोरडं ठणठणीत आणि घाम एवढ्याच जागी? माणूस काय बुडानं पळतो?"

मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. ठकूनं धोतराला चिकटलेले चार केस चिमटीत धरले. "आणि हे तांबडे केस. सरकारांचे तर काळे, आणि तेही डोक्यावर. हा घाम घोड्याचा आहे, महाराज. वाटेतल्या ओढ्यात घोडा लपवला असणार, मग मधल्या वाटेनं दौड, आणि वेशीजवळ उतरून चार पावलं धापा टाकायच्या. पण खोगीर असतं तर धोतर एवढं भिजलं नसतं. म्हणजे उघड्याच पाठीवर…"

"खोगीर घातलं असतं तर वाड्याचा घोडा म्हणून गुराख्यांनी ओळखलं नसतं का?" सर्जेराव तावातावानं म्हणाले, आणि मग त्यांनी आपलंच तोंड दाबून धरलं.

राजांनी मेव्हण्याकडे बघितलं, शेळीकडे बघितलं. "मग शर्यतीत पहिला कोण आला?"

"खरं सांगू? घोडा! बिचारा स्वतःच्या पायांनी पळाला, वर सरकारांचं ओझं घेऊन. पण तो आडवाटेनं आला म्हणून बाद. राहिला भिवा!"

राजे असे खदाखदा हसले, की मुकुट घरंगळत शेळीपुढं गेला, आणि तिनं तोही चाटून बघितला. शर्यतीच्या बक्षिसाचं चांदीचं कडं भिवाच्या हातात पडलं, ठकूला भरजरी लुगडं मिळालं, शेळीला मिठाचा खडा आणि घोड्याला पाटीभर हरभरे.

"आणि सर्जेराव," राजे डोळे पुसत म्हणाले, "हे धोतर उद्या तुम्ही धुवायचं. घाटावर, सगळ्यांदेखत!"

ठकूनं धोतराची घडी करून अदबीनं सर्जेरावांच्या हातात दिली.

"जरा जोरानं घासा हं, सरकार. डाग चार वर्षांचा आहे!"