काढून झालेला फोटो

“...म्हणजे एवढ्या मोठ्या सेन्सरचा कॅमेरासुद्धा कमीच पडला म्हणायचा ना, चाचा?”

निरंजन विचारत होता रसूलचाचांना. मिरजेतल्या निम्म्या गावाच्या लग्नाचे फोटो चाचांनी काढलेले, आणि निरंजनला कॅमेरा धरायला शिकवलं तेही त्यांनीच. आता निरंजन पुण्यातला बडा फोटोग्राफर. सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातली चित्र टिपणारी चकती, याशिवाय त्याच्या तोंडी दुसरा विषय नाही. मी चाचांच्या स्टुडिओत रोजचा चहाला जाणारा, बाकावर बसून ऐकत होतो.

“कुठं कमी पडला?” चाचांनी विचारलं.

निरंजनने टॅबवर वडिलांचे फोटो लावले. आप्पांना जाऊन महिना झाला होता. काचबिंदूने डोळे पार गेलेले. शेवटचं वर्षभर निरंजन या नव्या कॅमेऱ्यासाठी त्यांना अंगणात खुर्चीवर बसवून फोटो काढायचा.

“बघा. केस न् केस दिसतो. पण चेहऱ्यात जीवच नाही हो! माझा जुना कॅमेरा होता ना, चिमुकल्या सेन्सरचा, त्यात डोळे गेल्यावरसुद्धा कसे खळखळून हसायचे. आता भिंतीवर लावायला धड एक फोटो नाही. आणि आईचंही काही खरं नाही, डॉक्टर म्हणालेत. तिच्या बाबतीत असं व्हायला नको. याहून मोठ्या सेन्सरचा घेतो. बरोबर ना?”

वा रे पठ्ठ्या! छोट्या सेन्सरमध्ये हसायचे, म्हणून याला आणखी मोठा हवा.

चाचा फोटो बघत राहिले. सगळ्यांत आप्पा एकसारखेच. ताठ बसलेले, हात मांडीवर, ओठ मिटलेले, मान जरा पुढे.

“जुना कॅमेरा वाजायचा?”

“खटॅक खटॅक! नुसती कटकट. विकून टाकला. हा मुका आहे. समोरच्याला पत्ता लागत नाही.”

“आणि तू? काढताना काय बोलायचास?”

“काहीच नाही. बोललं की माणूस सावध होतो. तुम्हीच शिकवलंत.”

चाचांना ते लागलं, दिसतच होतं.

मग उठले, दारातल्या स्टुलावर जाऊन बसले आणि डोळे मिटून घेतले.

“काढ माझा.”

निरंजनने काढला. कॅमेरा बाजूला ठेवला.

चाचा हलेनात.

चहावाल्याने कप ठेवले, तो गेलाही. चाचा तसेच बसलेले. चहावर साय धरली...

“चाचा, झाला की फोटो.”

“कधी?”

“मघाशीच.”

“मला कुठं कळलं?” चाचांनी डोळे उघडले नव्हते. “आप्पांना कसं कळायचं?”

निरंजनने टॅबवरच्या आप्पांकडे पाहिलं.

“ते... बसून राहायचे,” तो म्हणाला. “मी आत जाऊन कॉम्प्युटरवर फोटो बघत बसायचो. आई ओरडायची, अरे, ह्यांना उन्हात का बसवून ठेवलंयस? मग तीच हाताला धरून आणायची त्यांना.”

“काही म्हणायचे?”

“आत आल्यावर विचारायचे, काढलास का रे? मी म्हणायचो, केव्हाच.”

“मग?”

“मग... मग हसायचे, चाचा. मोठ्यांदा हसायचे, जुन्या फोटोंतल्यासारखे.”

आणि चाळिशीचा तो बाप्या लहान पोरासारखा रडायला लागला. मला तिथं बसवेना, आणि उठवेना पण. फार वाईट वाटलं. चाचांनी त्याला रडू दिलं.

बऱ्याच वेळाने बाहीने डोळे पुसत त्याने विचारलं, “मग आईसाठी कोणता कॅमेरा घेऊ?”

चाचांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“तिला ऐकू येतं ना अजून?”