पत्राला दिलेले गुण

एका राज्यात एक पंडित होता. पाठशाळा त्याची, आणि राजाला आलेली पत्रं वाचायचं कामही त्याचंच, कारण राजाला वाचायचा भारी कंटाळा. पंडिताला नऊच्या नऊ रस पाठ, अलंकार पाठ, नाटकातलं स्वगत म्हणजे काय, संघर्ष म्हणजे काय, सगळं घडाघडा. गोष्ट वाचून एखाद्या पोरानं डोळे पुसले, तर हा ओरडायचा, "रडू नकोस, व्याख्या सांग!" आता काय म्हणावं अशा माणसाला!

एकदा बक्षिसं वाटायला राजा पाठशाळेत आला. तेवढ्यात डोंगरापलीकडच्या गावातली एक बाई धापा टाकत आत शिरली आणि तिनं राजाच्या हातात पत्र दिलं. राजानं ते न उघडताच पंडिताकडे सरकवलं.

पंडितानं मोठ्यानं वाचलं, "महाराज, आमच्या चुलीत कोळ्यानं जाळं विणलंय. लेकरं दूध समजून पाणी पितात आणि निजतात."

"वा!" पंडित म्हणाला. "करुण रस. चुलीत जाळं, म्हणजे अतिशयोक्ती अलंकार. दहापैकी सहा."

"छान," राजा म्हणाला. छान म्हणे! बाई काही बोलू गेली, तर पंडितानं "मध्ये बोलू नये" म्हणून तिला गप्प केलं.

मागच्या रांगेत कुंभाराची लेक बसली होती. व्याख्या चुकते म्हणून ती रोज छडी खायची. तरी ती ताडकन उठली.

"अहो पंडितजी, रोज पेटणाऱ्या चुलीत कोळी जाळं विणेल का? त्यांच्याकडे शिजवायला काही नाही. ती पोरं उपाशी आहेत!"

"अलंकार ओळखता येत नाही आणि मला शिकवतेस?" पंडितानं छडी उचलली. राजानं त्याचा हात धरला.

"बाई, खरं आहे हे? मग आधी का नाही कळवलंत?"

"कळवलं की, महाराज. दोनदा. पहिलं पत्र चार गुण लिहून परत आलं. आम्हाला वाटलं, आमचंच काही चुकलं. म्हणून दुसरं चांगल्या अक्षरात लिहिलं. त्याला पाच आले. तेवढ्यात माझा धाकटा गेला."

राजाला तोंड वर करवेना. त्याच दुपारी धान्याच्या गाड्या निघाल्या. पोती वाहायला पंडितालाही धाडलं. पण बाईचा धाकटा काही ते धान्य खायला उरला नव्हता.

तात्पर्य: रसाचं नाव सांगता आलं नाही तरी चालेल; पण वाचून ज्याला दुसऱ्याची भूक कळत नाही, त्यानं आपल्याला वाचता येतं असं म्हणू नये.